मोहवळीच्या नकाशावरची निळी रेघ

दत्ताराम गुरुजींनी मोहवळी गावाला फसवलं. सर्वेक्षणाला आलेल्या मॅडमना फसवलं, आणि त्या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या मलाही फसवलं. हे आधीच लिहून टाकतो. संपादकांनी 'तुमच्या कामाविषयी काहीतरी लिहा' असा निरोप पाठवला, तेव्हा डोक्यात पहिलं वाक्य हेच आलं, आणि माझ्या धंद्यात गोल गोल बोलणाऱ्याचा व्यवहार कधी सरळ नसतो.

गुरुजींचा फोटो तुम्ही पाहिला असेल. पांढरा झब्बा, चष्मा कपाळावर, मागे एखादं देऊळ नाहीतर विहीर, आणि खाली 'इतिहासप्रेमी शिक्षक'. माझा फोटो तुम्ही पाहिला नसेल. असलाच तर त्यात माझा फक्त हात असेल, मोजपट्टीचं दुसरं टोक धरलेला.

मी बाळाराम, कर्जत तालुक्यात कळंबकडून आत गेलं की लागणाऱ्या मोहवळीचा. शिक्षण सातवी. आधी मुंबईच्या तबेल्यांना गवताच्या पेंढ्या पाठवल्या, मग टेंपो घेतला, मग वीस वर्षं जमिनीची एजंटगिरी केली. गुरुजी आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. ते पुढे शिकले, खालापूर तालुक्यात मास्तर झाले, निवृत्त होऊन गावी आले. मी त्यांना गुरुजी म्हणतो, ते मला अजून बाळ्या म्हणतात. यातच सगळं आलं, पण तरी सांगतो.

आठेक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका संस्थेने एक काम घेतलं. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत अशी गावं शोधायची, जिथे जुनी शेती, जुनी घरं, पाणवठे आणि पायवाटा अजून एकत्र टिकून आहेत. त्यांचं मोल ठरवायचं, नकाशावर हद्द आखायची आणि जपणुकीची शिफारस सरकारकडे पाठवायची. हद्दीच्या आत नवं बांधकाम करायचं तर आधी परवानगी लागणार. हद्दीच्या बाहेर ज्याची त्याची मर्जी. म्हणजे सगळा खेळ त्या हद्दीच्या रेघेचा. हे वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

कामाच्या प्रमुख वैदेही मॅडम, वास्तुविशारद. पहिल्याच गावात त्यांच्या हाताखालच्या मुलांनी मोजपट्टी काढली आणि लोकांनी त्यांना देवळात बसवून ठेवलं. आमच्याकडे कुणी घर मोजायला आलं की एकतर धरण येतं, नाहीतर रस्ता. सरपंचाने मला फोन केला. मी जाऊन लोकांशी बोललो आणि त्यांना सोडवून आणलं. जीपमध्ये बसताना मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही जमिनीचे एजंट. मग लोक तुमच्यावर विश्वास कसा ठेवतात?"

"ठेवत नाय," मी म्हणालो. "पण मी कशाला आलोय ते त्यांना म्हाईत असतं. तुमी कशाला आलाय ते तुमाला तरी सांगता येतं का?"

त्या हसल्या आणि त्यांनी मला कामावर घेतलं. तेव्हापासून पाच वर्षं माझी जीप आणि माझे पाय त्या कामाला होते.

आता हे काम असतं काय, ते सांगतो. लोकांना वाटतं जुनं घर दिसलं की झालं. तसं नाही. बैल घेताना शिंगांचा रंग बघत नाहीत, दात बघतात. तसंच गावाचं. घरं किती जुनी, हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न, हे गाव इथेच का वसलं? पाणी कुठून येतं, कुठल्या भातखाचरातून कुठल्या खाचरात उतरतं? बांध दगडाचा की मातीचा, आणि तो वळला तर का वळला? माणसं वर कुठून जात होती, काय आणत होती? हे सगळं एकमेकांना धरून असेल तर ते गाव मोलाचं. एक गोष्ट काढून घेतली आणि बाकीच्यांना अर्थच उरला नाही, तर ती गोष्ट हद्दीच्या आत हवी. मॅडमनी हे मला त्यांच्या भाषेत समजावलं. मी म्हणालो, मला हे येतं. जमीन विकताना मी नेमकं हेच लपवत होतो.

घरांना आम्ही तीन रंग द्यायचो. मूळ रूप टिकलेलं घर हिरवं, थोडं बदललेलं पिवळं, पार बदललेलं लाल. रंग नकाशावर लावायचे असत, पण मॅडमच्या मुलांनी पोशीर गावात घरांवर खडूने ठिपके काढले आणि भांडण लागलं.

तिथे एकाच आढ्याखाली दोन जावा राहतात. भावाभावांत घर मधोमध वाटलेलं. धाकट्या गंगूबाईच्या अर्ध्याला हिरवा ठिपका, थोरल्या हिराबाईच्या अर्ध्याला लाल. कारण हिराबाईच्या मुलाने कौलं काढून पत्रा टाकला होता आणि ओटीच्या भिंतीला न्हाणीघरातल्या चकचकीत फरश्या लावल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जीप थांबायच्या आत हिराबाई समोर. "बाळाराम, इकडं ये रं. तिच्या घराला हिरवा आन् माझ्या घराला लाल? माझं घर आजारी हाय का?"

मी म्हणालो, "आजी, लाल म्हंजे वाईट नाय. लाल म्हंजे बदललेलं."

"ती काय कमी बदलली? लग्न होऊन आली तवा काडी होती. तिला दे की लाल."

आतून गंगूबाई ओरडली, "मॅडमांनी माझं माजघर बघून दिलाय. फुकट नाय दिला."

"माजघर एकच होतं गं. मधी भिंत कुणाच्या नवऱ्यानं घातली?"

हिराबाईचं बरोबर होतं. लाकडी खांब तिच्या बाजूलाही तेच होते. मी मॅडमना आत नेलं, खांब दाखवले, जुन्या भाताच्या कणगीची जागा दाखवली आणि लालचा पिवळा करून घेतला. हिराबाईला पिवळा नको होता. तीन महिन्यांनी आम्ही परत गेलो, तर तिने ओटीच्या सगळ्या फरश्या छिन्नीने काढल्या होत्या. खाली सिमेंट धरलेलं, त्याबरोबर जुन्या मातीच्या भिंतीचे पोपडे निघालेले. म्हातारी धुळीने पांढरी झाली होती. म्हणाली, "काढल्या. आता दे हिरवा."

देता आला नाही. फरश्या लावल्याने भिंत जेवढी बिघडली नव्हती, त्याहून जास्त त्या काढल्याने बिघडली. मॅडम तिला हे समजावत होत्या आणि मी जीपमध्ये जाऊन बसलो. मला ती म्हातारी कळत होती. तिला घराचं काही नव्हतं. शेजारच्या अर्ध्यात हिरवा आहे आणि आपल्या अर्ध्यात नाही, एवढंच तिला दिसत होतं. त्यासाठी तिने स्वतःच्या हाताने स्वतःची भिंत खणली.

हे मी लिहितोय कारण पुढे मीही तेच केलं.

माझी जळजळ सुरू झाली ती खालापूरकडच्या एका दगडावरून. जुन्या घाटवाटेच्या कडेला एक वीरगळ होता. लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला कोरीव दगड, कमरेएवढा. शेजारी एका शेठने फार्महाऊस बांधलं आणि तो दगड त्याला पोहायच्या तलावाजवळ हवा होता. क्रेन ठरली होती. मॅडमनी पत्रं लिहिली. पत्राला उत्तर येईपर्यंत दगडावर टॉवेल वाळत पडले असते. आणि दगड हलला की वाट मेली, कारण वाट तिथूनच जात होती याचा दुसरा पुरावा उरला नव्हता.

मी शेठकडे एकटा गेलो. चहा घेतला, दगडाचं कौतुक केलं, न्यायला हरकत नाही म्हणालो. मग सहज विचारलं, "दगड कुठल्या गटात येतो, ते बघितलंत ना?"

"माझ्याच जागेत आहे."

"निम्मा. उरलेला निम्मा शेजारच्या गटात. त्यात तेरा चुलत भाऊ हायेत. दोघं दुबईला, एक बेपत्ता. सगळ्यांच्या सह्या लागतील. आन् एकदा सह्या मागायला गेलात की ते तुमच्या कुंपणाचीपण मोजणी मागतील. मी त्यांना वळखतो. त्यांना बसून राहायला आवडतं."

क्रेन आली नाही. कुंपण कुठे किती सरकलेलं आहे हे शेठला माहीत होतं, आणि मलाही. दगड आजही वाटेवर आहे.

आठ दिवसांनी पेपरात बातमी. दगडाशेजारी गुरुजी उभे, हात दगडाच्या डोक्यावर, जसा नातवाच्या डोक्यावर ठेवावा. 'इतिहासप्रेमी शिक्षकाच्या प्रयत्नांना यश.' त्यांची शेवटची शाळा तिथून जवळच होती, म्हणून पत्रकार त्यांच्याकडे गेला. त्यांनी वीरगळ म्हणजे काय, ते सुंदर सांगितलं. मला नसतं सांगता आलं. पण दगड कुणी थांबवला, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

मी विचारायला गेलो. ते म्हणाले, "अरे बाळ्या, त्याने मला विचारलं, मी माहिती दिली. श्रेयाचा काय प्रश्न आहे? दगड वाचला, हे महत्त्वाचं."

ज्याला श्रेय मिळालेलं असतं तो नेहमी असंच म्हणतो.

त्यानंतर मॅडम गुरुजींना बोलवायला लागल्या. गुरुजी जीपमध्ये पुढे बसायचे, मी चालवायचो. मॅडम त्यांना 'सर' म्हणायच्या, मला 'काका'. त्यांना खुर्ची, मला स्टूल. चहा त्यांना कपात, मला पेल्यात. सुमन, माझी बायको, म्हणाली, "तुमी पेल्यातच पिता. कपातला पुरत नाय तुमाला." खरं होतं. तरी मी मोजत होतो. मला गुरुजींचं अक्षर खुपायचं, त्यांचं शुद्ध बोलणं खुपायचं, आणि सगळ्यात जास्त हे खुपायचं की त्यांना गाव पाठ नव्हतं. गाव मला पाठ होतं. ते शाळेत होते तेव्हा मी बांधावर होतो.

शेवटी मोहवळीची पाळी आली. आमचं स्वतःचं गाव. आणि मोहवळीबद्दल मला एक गोष्ट माहीत होती, जी मॅडमच्या एकाही नकाशात नव्हती.

आमची खाचरं सुंदर आहेत. पायऱ्यापायऱ्यांनी नदीपर्यंत उतरतात, दगडी बांध आहेत, पावसाळ्यात शहरातून लोक फोटो काढायला येतात. पण भातखाचर एकटं कधीच नव्हतं. प्रत्येक खाचरामागे वर डोंगराच्या माळावर त्याच घराचा एक तुकडा असायचा. त्याला वरकस म्हणतात. सातबाऱ्यावर त्याचा वेगळा गट असतो, त्यात पीक दिसत नाही, म्हणून बाहेरच्याला तो पडीक वाटतो. पण त्या तुकड्यावरच्या ऐनाच्या झाडांच्या फांद्या तोडून, भारे डोक्यावर घेऊन खाली आणायचे, शेण आणि गवताबरोबर पसरून जिथे रोपं करायची ती जमीन भाजायची. त्याला राब म्हणतात. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर खालचं सगळं हिरवं चित्र नाही. पावसाचं पाणीही तो माळच धरून ठेवतो आणि हळूहळू खाली सोडतो.

एजंट असताना मी सगळ्यात आधी वरकसच विकायचो. शेतकऱ्याला वाटायचं, पडीकच तर आहे. शेलूकडे मी विकलेले माळ आज इमारतींखाली आहेत. तिथल्या बाल्कन्यांतून माणसं कपडे वाळत घालतात आणि मला आत काहीतरी होतं. म्हणूनच मोहवळीचा माळ मला ठाऊक होता. एकही तुकडा गेलेला नाही असा तो माझ्या माहितीतला शेवटचा माळ होता.

त्या उन्हाळ्यात मी एकटा वर जात राहिलो. प्रत्येक ऐनाचं झाड बघितलं. पिढ्यान्पिढ्या एकाच उंचीवर तोडल्यामुळे त्या झाडांना तिथे मुठीसारख्या गाठी आल्या आहेत. कुठल्या घराचं झाड कुठलं, ते गाठीवरून सांगता येतं, कारण काही घरं उंच तोडतात, काही बुटकं. उतरणीला छातीएवढ्या उंचीचे सपाट दगड उभे केलेत, डोक्यावरचा भारा वाकल्याशिवाय टेकवता यावा म्हणून. प्रत्येक वाटेवर असा एक दगड, आणि तो नेमका त्या त्या घराच्या खाचरांच्या डोक्यावर. मी हे सगळं वहीत उतरवलं. घराचं नाव, तुकडा, झाडं, दगड, वाट. माझ्या अक्षरात, म्हणजे मलाच वाचता येईल असं.

ती वही मी मॅडमना लगेच द्यायला हवी होती. दिली नाही. माझ्या धंद्याची सवय अशी की आपल्याकडची मोठी गोष्ट पहिल्या बैठकीत टेबलावर ठेवायची नाही. समोरच्याला गरज लागू द्यायची. तो परत येतो. जो आधी बोलतो त्याचं नुकसान होतं. माझा हिशेब असा होता की मॅडम हद्द आखायला बसतील, अडतील, आणि सगळ्या गावासमोर म्हणतील, "काका, तुम्ही सांगा." मग मी वही काढणार. गुरुजींच्या समोर.

सभा समाजमंदिरात झाली, दुपारी. टेबलावर ड्रोनने काढलेला मोठा नकाशा. मॅडम, त्यांच्या शेजारी गुरुजी. तिसरी खुर्ची होती, तिच्यावर मॅडमची पिशवी ठेवली होती. मी दारात उभा राहिलो. कुणीतरी म्हणालं, "आत या की." मी म्हणालो, "बरा हाय इथं." वही शर्टाच्या आत, पोटाला लागत होती.

मॅडमनी विचारलं, "हद्द कुठून कुठपर्यंत घ्यायची?" गुरुजींनी निळं पेन घेतलं. एका बाजूला नदी, एका बाजूला रस्ता, वर गावठाणाच्या मागे आले आणि पेन डोंगराच्या पायथ्याशी वळवलं.

मॅडम म्हणाल्या, "वरचा माळ?"

गुरुजी म्हणाले, "तो ओसाड आहे. चार ऐनाची खुरटी झाडं. तिथे इतिहास म्हणावा असं काही नाही."

चार झाडं? मी चारशेच्या वर मोजली होती. मॅडमनी वर बघितलं, सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि दारात मी दिसलो तेव्हा थांबल्या. "काका, तुम्हाला काही सांगायचंय?"

हेच हवं होतं ना मला? सगळ्या गावासमोर मला विचारलं होतं. पण मला ऐकू आलं ते फक्त 'काही'. सरांचं सांगून झाल्यावर ड्रायव्हरला विचारतात, तसं. आणि मी म्हणालो, "मी काय सांगणार? गुरुजींना इचारा. ते जाणकार हायेत."

दोघंतिघं हसली. गुरुजींनी नकाशाखाली सही केली. स्थानिक माहिती दिली म्हणून.

घरी आल्यावर सुमनने वही चुलीशेजारी पडलेली बघितली. "दिली नाय?"

"येतील इचारायला. नकाशावर हरकती घ्यायला महिना हाय."

"कोण येणार? त्यांना म्हाईत तरी हाय का तुमच्याकडं वही हाय ते?"

मी ताट पुढे ओढलं.

"तुमाला डोंगराचं नाय पडलं," ती म्हणाली, "तुमाला खुर्चीचं पडलंय."

मी ताट ढकलून उठलो. महिनाभर वाट बघितली. कुणी आलं नाही. ज्याला माल आहे हेच माहीत नाही तो भाव करायला कसा येणार, हे वीस वर्षं एजंटगिरी केलेल्या माणसाला कळायला पाहिजे होतं.

अहवाल छापून आला. जाड, गुळगुळीत कागद. पहिल्या पानावर 'स्थानिक मार्गदर्शक' म्हणून गुरुजींचं नाव. माझं नाव शोधत शेवटच्या पानावर गेलो. तिथे होतं. 'वाहतूक व इतर साहाय्य.' पाच वर्षं मी लोकांच्या ओट्यांवर बसून दारं उघडून घेतली, दगड अडवले, भांडणं मिटवली. वाहतूक. ते पान मी कितीदा वाचलं असेल, सांगत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माळावर जेसीबी चढला. शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी प्लॉट पाडायचे होते. पहिल्याच आठवड्यात एक भारा टेकवायचा दगड उलथून खाली आला, तो आमच्याच वाटेवरचा होता. माझी आई त्याला पाठ लावून उभी राहायची. मी तडक सातबारा काढला, फेरफार काढला, नोंदणीच्या कार्यालयात बसलो. हे काम मला येतं. कडेचा पहिला तुकडा कुणी विकला होता? दत्ताराम गुरुजींनी. विक्रीचा करार कधी झाला होता? सभेच्या तीन आठवडे आधी. हद्दीच्या आत आला असता तर घेणाऱ्याने हात मागे घेतला असता. निळं पेन पायथ्याशी का वळलं, ते मला तिथल्या बाकावर बसून कळलं.

गुरुजी अंगणात पेपर वाचत होते. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी चष्मा खाली घेतला, वाचले, आणि नीट घडी घालून मला परत दिले.

"बाळ्या," ते म्हणाले, "तू जन्मभर लोकांच्या जमिनी विकल्यास. मी माझा एक तुकडा विकला, तर तुझ्या पोटात दुखलं?"

"मी विकायला आलोय असं सांगून विकल्या. इतिहास सांगायला आलोय म्हणून नाय विकल्या."

"मग त्या दिवशी का बोलला नाहीस?"

मी काही बोलणार तोच ते पुढे म्हणाले, अगदी सावकाश, वर्गात बोलावं तसे. "तू दारात उभा होतास. पेन वळवताना मी तुझ्याकडे बघितलं होतं. मला वाटलं, आता हा बोलेल आणि मी पकडला जाईन. तू बोलला नाहीस. मला वाटलं, तुलाही तुझा तुकडा विकायचा आहे."

यावर माझ्याकडे शिव्या होत्या, त्या दिल्या. त्यांची सून बाहेर आली तेव्हा थांबलो.

त्या पावसात माळावरून लाल गाळ उतरला. सगळ्यात वरची दोन खाचरं भरून गेली, लावणी झाली नाही. एक खाचर माझं, एक शेजारच्या विठाबाईचं. रस्त्यावर संस्थेने फलक लावला आहे, 'पारंपरिक भातशेतीचे गाव'. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि फोटोत मागे उघडा पडलेला लाल डोंगर येतो.

मी मॅडमना फोन केला. वहीचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला विचारलं होतं."

"व्हय."

त्या स्वतः आल्या. गुडघ्याला पट्टा बांधून माझ्याबरोबर वर चढल्या. झाडांच्या गाठींना हात लावून बघितलं, उभ्या असलेल्या एका दगडाला पाठ टेकून उभ्या राहिल्या, आणि माझी वही सगळीच्या सगळी माझ्याकडून वाचून घेतली. म्हणाल्या, "अहवालाचा कणा हा होता. आपण त्याशिवाय छापला." मग त्यांनी मार्ग सांगितला. अजून अर्धा माळ शाबूत आहे. हद्द बदलता येते. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा, आणि नकाशाखाली ज्यांची सही आहे त्यांनी आधीची माहिती चुकीची होती, असं स्वतः सांगायला हवं. तसं झालं नाही तर आमचं म्हणणं एका चिडलेल्या एजंटचं म्हणणं ठरतं. आणि राहिलेल्या माळासाठी गाड्या रोज येतायत. काचा खाली करून विचारतात, वरचा तुकडा कुणाचा?

दोनदा ग्रामसभा झाली. दोन्ही वेळा गुरुजींना बरं नव्हतं. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ते कर्जतला व्याख्यानाला गेले. विषय होता, आपला वारसा.

गुरुजी, हा अंक तुमच्या घरी येतो, मला माहीत आहे. म्हणून इथे लिहितोय. मी आयुष्यात कधी शेवटचा भाव आधी सांगितला नाही, आज सांगतो. वही घ्या. तुमच्या सुंदर अक्षरात उतरवा, तुमच्या नावाने छापा. झाडं तुम्ही मोजलीत, दगड तुम्ही शोधलेत, असं लिहा. पहिल्या पानावर तुमचंच नाव राहू दे. मी वाहतूक म्हणून शेवटच्या पानावर राहतो. मला ते खुपेल, मरेपर्यंत खुपेल, पण मी कुठे बोलणार नाही.

बदल्यात एकच. येत्या ग्रामसभेला या. मी दारात उभा राहणार नाही, पहिल्या रांगेत खाली बसणार आहे, आणि शेजारी विठाबाई बसणार आहे. त्या दिवशी मी गप्प का बसलो, ते वर लिहिलंय. लाज वाटली तरी लिहिलंय. आता तुम्ही उभे राहा, आणि ती निळी रेघ पायथ्याशी का वळवलीत, याचं गावाला उत्तर द्या.